मदत हवी आहे: नववीच्या मुलांनी संप्रेरकांवर विचारलेल्या प्रश्नांना काय उत्तर देऊ?

शनिवारचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दांडेकर पुलाजवळच्या एका अभ्यासिकेत मी सुट्टीच्या दिवशी नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. राज्य मंडळ, मराठी माध्यम. पोटापाण्याला आयटी, त्यामुळे भौतिकशास्त्र आणि गणित निभावतं, जीवशास्त्राशी मात्र बारावीलाच फारकत झाली.

सध्या नियंत्रण आणि समन्वय चालू आहे. फळ्यावर मी थोडक्यात मांडलं: चेतासंस्थेचं (मेंदू आणि नसांचं जाळं) काम झटपट आणि थोडा वेळ, संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) संथ आणि दीर्घकाळ, आणि वनस्पतींना चेतासंस्था नसते म्हणून त्यांचा सगळा कारभार संप्रेरकांवर. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि मग सुरू झाली. "अ‍ॅड्रेनालिन संप्रेरक आहे ना, मग कुत्रा अंगावर आला की छाती लगेच कशी धडधडते?" "लाजाळूला चेता नाहीत तर ती हात लावल्या लावल्या मिटते कशी?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने तर पार निरुत्तर केलं: "दादा, संप्रेरक रक्तात सुटलं की अंगभर फिरणार. मग ज्याचं काम त्यालाच कसं कळतं?" वर हेही तिचंच: "चेतासंस्था एवढी भारी आहे तर संप्रेरकं हवीतच कशाला?"

पुढच्या शनिवारी सांगतो म्हणून वेळ मारून नेली आहे. कृपया व्हिडिओच्या लिंका नकोत, तिथे प्रोजेक्टर नाही. घरच्या सामानात होणारे प्रयोग सुचवलेत तर फार बरं होईल.

जीवशास्त्राच्या_बाई

मास्तर, पोरं गुणी आहेत तुमची. तीस मुलांच्या वर्गात वर्षभरात असा एक प्रश्न आला तरी आम्ही धन्य व्हायचो.

कुत्र्याचं आधी घेते. कुत्रा दिसल्या क्षणी ठोके वाढतात ते अ‍ॅड्रेनालिनमुळे नव्हे. स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या, चेतासंस्थेच्या चेता (नसा) थेट हृदयापर्यंत पोचलेल्या असतात, पहिला धक्का त्यांचा. त्याच वेळी त्याच संस्थेची दुसरी शाखा मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्याला संदेश देते आणि तो गाभा रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतो. रक्ताबरोबर ते सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो, पण पोचलं की राहतंही थोडा वेळ. म्हणून कुत्रा पार गल्लीच्या टोकाला गेला तरी हात थरथरत असतात. धोका टळला हे मेंदूला कळलेलं असतं, पण रक्तात सुटलेलं काही परत गोळा करता येत नाही, ते मोडीत निघायला काही मिनिटं जावीच लागतात. मुलांना विचारा, धडधड आधी की थरथर आधी? त्यांना अनुभवाने माहीत असतं.

आता यातली गंमत. अधिवृक्क ग्रंथीचा तो गाभा घडणीने चेतासंस्थेचाच आहे. गर्भात ज्या पेशींपासून स्वायत्त चेतासंस्था घडते त्यांच्याच भाऊबंद पेशींपासून तो घडतो. आणि अ‍ॅड्रेनालिनचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनालिन चेतेच्या टोकाशी सुटलं तर त्याला चेतापारेषक म्हणतात, रक्तात सुटलं तर संप्रेरक. रेणू तोच! तेव्हा 'चेता म्हणजे वीज, संप्रेरक म्हणजे रसायन' असं कधी फळ्यावर लिहू नका. १९२१ साली ऑटो लोवीने बेडकाची दोन हृदयं द्रवात धडधडत ठेवली, एकाची चेता उद्दीपित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्याला दिला. दुसरंही मंदावलं, त्याच्या चेतेला कोणी हात लावलेला नसताना. म्हणजे चेतेतून वीज धावते खरी, पण टोकाशी निरोप पोचवणारं रसायनच असतं. पुढे १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलबरोबर विभागून मिळालं.

वेगाबद्दल. जाड वेष्टनाच्या चेतांमध्ये संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो, पण बिनवेष्टनाच्या बारीक चेतांमध्ये सेकंदाला मीटर-दोन मीटर, त्याहूनही कमी. पायाचं बोट उंबऱ्याला आपटलं की आधी 'आपटलं' हे कळतं आणि मग ती खोल, सावकाश कळ येते, ती याच दोन वेगांमुळे. म्हणजे चेताही सगळ्या झटपट नाहीत. संप्रेरकांमध्येही केवढा फरक! इन्सुलिन रक्तात निम्मं व्हायला पाचेक मिनिटं पुरतात, थायरॉइड ग्रंथीच्या थायरॉक्झिनला आठवडा लागतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की डॉक्टर टीएसएचची (थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी सहा आठवड्यांनी करायला सांगतात, ते उगाच नाही.

बाकीच्या प्रश्नांवर इतरांनी लिहावं, पोळ्या राहिल्यात.

कट्ट्यावरची

बाईंनंतर लिहायचं धाडस करतेय. 'ज्याचं काम त्यालाच कसं कळतं' याला मी भाचीला घंटागाडीचं उदाहरण दिलं होतं. सकाळी गाण्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, पण बादली घेऊन खाली तोच येतो ज्याच्या घरात कचरा आहे. संप्रेरक सगळ्या पेशींपाशी पोचतं, दाद फक्त त्याच पेशी देतात ज्यांच्याकडे त्याचा ग्राही आहे. ग्राही म्हणजे पेशीवरचं किंवा पेशीच्या आतलं एक प्रथिन, त्या एकाच रेणूला बरोबर बसेल असं.

औंधचा_शंकासुर

उदाहरण झकास, पण एक शंका. तोच आवाज ऐकून काहींनी खाली यायचं आणि काहींनी दार लावून घ्यायचं, असंही शरीरात होतं ना? अ‍ॅड्रेनालिनने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूंच्या रुंदावतात म्हणे.

जीवशास्त्राच्या_बाई

बरोबर, कारण ग्राही एकाच जातीचे नसतात. कातडीच्या वाहिन्यांवर एक प्रकार जास्त, स्नायूंकडच्या वाहिन्यांवर दुसरा. म्हणून घाबरल्यावर चेहरा पांढराफटक आणि पाय पळायला तयार. निरोपात 'काय करा' असं काही लिहिलेलं नसतं. काय करायचं ते पेशीच्या ग्राहीवर आणि आतल्या यंत्रणेवर ठरतं. मास्तर, या सगळ्यातलं एकच वाक्य सांगायला वेळ मिळाला तर हे सांगा. झटपट आणि संथ हा वरवरचा फरक आहे. चेता ठरलेल्या पेशीपाशीच जाऊन थांबते, तर संप्रेरक सगळ्यांकडे जातं आणि निवड ऐकणारा करतो.

मांजरीकर

आमचा गोठा आहे, त्यामुळे मला हे धडे पुस्तकाआधी गायीने शिकवले. चेता आणि संप्रेरक एकाच कामात बघायचे असतील तर धार काढताना बघा.

दूध कासेत आधीच तयार असतं, पण ते बारीक पोकळ्यांत अडकलेलं असतं. नुसतं सड ओढून त्यातलं थोडंच हाती लागतं. वासरू सडाला लुचलं किंवा आपण कास धुऊन चोळली की स्पर्शाचा संदेश चेतांवाटे मेंदूत जातो. तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, रक्ताबरोबर कासेत येतं, तिथल्या पोकळ्यांभोवतीच्या बारीक पेशी आवळते आणि दूध सडात उतरतं. गाय पान्हा सोडते ती अशी. जाताना चेतेने, येताना रक्ताने. म्हणूनच कास चोळल्यावर लगेच धार लागत नाही, मिनिटभर थांबावं लागतं, आणि एकदा पान्हा आला की पाच-सात मिनिटांत उरकावं लागतं, नंतर ऑक्सिटोसिन ओसरतं. सरावलेली गाय तर नुसत्या बादलीच्या आवाजानेही पान्हवते.

आता मास्तरांच्या पोरांचा कुत्रा इथे आणा. धार चालू असताना कुत्रं भुंकलं, अनोळखी माणूस आला, कोणी काठी आपटली, की गाय दूध चोरते. यात तिचा लबाडपणा काही नाही. भीतीने अ‍ॅड्रेनालिन सुटतं, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग ऑक्सिटोसिन कासेपर्यंत धड पोचतच नाही. आमचे आजोबा धारेच्या वेळी गोठ्यात कोणाला मोठ्याने बोलू द्यायचे नाहीत, त्यांना रेणूंची नावं माहीत नव्हती एवढंच. काही जण याला पळवाट म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. दूध काढण्यासाठी त्याला बंदी आहे आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

झाडपाला

वा मांजरीकर! मी लाजाळू घेतो.

लाजाळूच्या देठाच्या बुडाशी, आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही, एक फुगीर गादी असते. तिच्यातल्या पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात म्हणून पान ताठ राहतं. स्पर्श झाला की पेशींमध्ये विजेचा स्पंद उठतो, पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन पेशींबाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी जातं आणि गादीची एक बाजू ढिली पडून पान मिटतं. पाणी परत भरायला दहा-पंधरा मिनिटं. हा स्पंद आपल्या चेतेतल्यासारखाच, पण सेकंदाला फार तर काही सेंटिमीटर सरकतो. शेंड्याची एक पर्णिका चिमटीत धरा, मिटण्याची लाट देठाकडे जाताना डोळ्यांनी दिसते. माणसाच्या चेतेत हे कधीच दिसणार नाही.

म्हणजे फळ्यावरचं 'वनस्पतींना चेतासंस्था नसते' हे बरोबर आहे, चेतापेशी नाहीत आणि मेंदूही नाही. पण 'म्हणून सगळं संप्रेरकांवर' हे टिकत नाही. विजेचे संदेश वनस्पतींत आहेत, आणि हे काही काल कळलेलं नाही. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये बर्डन-सँडरसनने ते १८७३ मध्ये मोजले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी लाजाळूवर आणि इतर झाडांवर स्वतः बनवलेल्या उपकरणांनी वर्षानुवर्षं काम केलं. क्लोद बर्नारने १८७८ च्या सुमारास लाजाळूला ईथर, म्हणजे माणसांना भूल द्यायला वापरायचे ते औषध, देऊन बघितलं तर तिचं मिटणंही बंद पडलं, ईथर उडून गेल्यावर पुन्हा सुरू!

मला सगळ्यांत आवडतो तो फ्लायट्रॅपच. पानावर बारीक केस असतात. एकदा स्पर्श झाला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तर पान झटकन मिटतं. वाऱ्याने उडालेल्या काडीसाठी ताकद वाया जायला नको. आत सापडलेला किडा तडफडत राहिला, केस हलतच राहिले, तर त्या जादा स्पंदांमुळे जॅस्मोनिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि मग पाचक रस तयार होतात. आधी वीज, मग संप्रेरक. कुत्र्याच्या गोष्टीत बाईंनी जे सांगितलं तोच क्रम एका झाडात.

आणि २०१८ मध्ये जपानी-अमेरिकी गटाने मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर दाखवलं की अळीने पान कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट पाझरतं आणि कॅल्शियमची लाट रसवाहिन्यांवाटे दुसऱ्या पानांकडे जाते, सेकंदाला साधारण मिलिमीटरच्या वेगाने. ग्लुटामेट आपल्या मेंदूतही चेतापारेषक म्हणून काम करतं.

तुळशीवृंदावन

तेच तर आमची आजी सांगायची. झाडांना सगळं कळतं, त्यांच्याशी बोललं की ती खुलतात. विज्ञान आता मान्य करतंय.

झाडपाला

आजीला नमस्कार, पण एवढी उडी नको. विजेचा स्पंद आहे म्हणजे जाणीव आहे असं होत नाही. बोसांच्या मोजमापांबद्दल आज आदर आहे, त्यांनी काढलेले सगळे निष्कर्ष जसेच्या तसे कोणी धरत नाही. आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची का? तुळस त्यानेच डेरेदार होते. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या कळ्या दाबून ठेवतं. शेंडा खुडला की त्या मोकळ्या सुटतात. शेवंतीवाले, मिरचीवाले सगळे हेच करतात.

परीक्षाग्रस्त_पालक

चर्चा छान चालली आहे, पण मास्तर, एक व्यवहाराचं. मुलांनी हे सगळं उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण जातील. पुस्तकात लाजाळू 'वृद्धी-असंलग्न हालचाल' आणि प्रकाशाकडे वळणं 'वृद्धी-संलग्न हालचाल', एवढंच अपेक्षित आहे. तपासणाऱ्याला ग्लुटामेट वगैरे दिसलं तर तो गोंधळेल.

जीवशास्त्राच्या_बाई

मी वर्षानुवर्षं पेपर तपासले आहेत. अपेक्षित मुद्दे आले असतील तर जास्तीच्या बरोबर मजकुराचे गुण मी कधी कापले नाहीत. आणि पुस्तकातली विभागणी चूक नाहीच, लाजाळूच्या मिटण्यात वाढ होत नाही हे शंभर टक्के खरं. पुस्तक त्यापुढे बोलत नाही इतकंच.

शनिवारचा_मास्तर

काय लिहिलंय सगळ्यांनी! मनापासून आभार. घंटागाडी आणि पान्हा दोन्ही वर्गात नेतोय. पण मागच्या बाकावरचा दुसरा प्रश्न उरलाच: संप्रेरकं हवीतच कशाला? आणि प्रयोगांचंही सांगा ना.

जीवशास्त्राच्या_बाई

बेडकाच्या पिल्लाचा विचार करा. शेपूट गळायची, पाय फुटायचे, आतडं बदलायचं, कल्ले जायचे आणि हे सगळं एका सुमारास. एकेका पेशीपर्यंत चेता नेऊन हे कसं जमणार? थायरॉइडचं संप्रेरक सगळ्यांपर्यंत जातं, शेपटीच्या पेशी मरायला घेतात आणि पायांच्या पेशी वाढायला. १९१२ मध्ये गुडरनाचने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ते वेळेआधीच बेडूक झाले, पण चिमुकले. जिथे ठरावीक स्नायू क्षणात हलवायचा आहे तिथे चेता, जिथे असंख्य पेशींना दिवसचे दिवस एका दिशेने न्यायचं आहे तिथे संप्रेरक. वाढ, वयात येणं, साखर राखणं ही सगळी दुसऱ्या जातीची कामं. नववीतल्या मुलांना वयात येण्याचं उदाहरण लगेच भिडतं, फक्त हसू आवरायला वेळ द्या.

मांजरीकर

वनस्पतींचं एक आमच्याकडचं. नारायणगावला मामेभावाची द्राक्षबाग आहे. बी असलेल्या द्राक्षात बी स्वतःच जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवतं आणि मणी फुगतो. बिनबियाच्या वाणाला ते पुरेसं मिळत नाही, मग शेतकरी जीएचं (जिबरेलिक आम्लाचं) द्रावण करून घड बुडवतात. घड लांबतो, मणी मोठा होतो. प्रमाण किंवा वेळ चुकली की घडाची वाट लागते, म्हणून आमच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची वेळापत्रकं लोक जपून ठेवतात. हे जिबरेलिन सापडलं ते भातावरच्या रोगात. १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या जपानी संशोधकाने दाखवलं की बुरशीतून निघणाऱ्या पदार्थाने भाताची रोपं शिडशिडीत उंच होऊन आडवी पडतात.

कट्ट्यावरची

प्रयोग:

पट्टी. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. वीस सेंटिमीटरवर पकडली तर वेळ ०.२ सेकंद. सूत्र मास्तरांच्या हक्काच्या भौतिकशास्त्राचं, अंतराची दुप्पट भागिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. मग मुलांना विचारा, डोळा ते मेंदू ते बोट हे अंतर दीडेक मीटरच आहे, मग एवढा वेळ कुठे गेला? बहुतेक डोळ्याच्या पडद्यावर आणि मेंदूच्या विचारात, वाटेत थोडाच. एकदा डोळे मिटून, 'सोडली' हा आवाज ऐकून पकडायला लावा. आकडा बहुधा कमी येतो, कारण कानाचं काम डोळ्यापेक्षा लवकर होतं.

झाडपाला

गहू. नवरात्रात देवघरातल्या घटावरचं धान पिवळं, लांबट होतं आणि खिडकीकडे झुकतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तिथूनच सुरुवात करा. गहू मातीत पेरून अंधारात ठेवा. कोंब दोन-तीन सेंटिमीटरचे झाले की निम्म्यांच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची बारीकशी टोपी घाला, उरलेल्यांच्या बुडाशी फॉइल गुंडाळा आणि एका बाजूला भोक असलेल्या बुटाच्या खोक्यात ठेवा. टोपीवाले सरळ वाढतात, बुडाला फॉइलवाले उजेडाकडे वाकतात. वाकतो तो खालचा भाग, पण उजेड 'बघतं' ते टोक. मग टोकाकडून खाली काहीतरी उतरत असणार, नाही का? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये असाच प्रयोग करून हेच अनुमान काढलं होतं. ते 'काहीतरी' अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यात पकडून दाखवलं फ्रिट्स वेंटने, त्याचं काम १९२८ मध्ये छापून आलं. सावलीकडच्या बाजूला ऑक्झिन जास्त जातं, तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून कोंब उजेडाकडे वळतो. टोपी सैल हवी, कोंबाला लागून राहिली तर तोच कुजतो.

वेळ उरला तर भोकावर एकदा निळा आणि एकदा लाल जिलेटीन कागद लावा. वळायला निळा उजेड लागतो. कागदातून दुसरे रंगही थोडे झिरपतात, तेव्हा अगदी स्वच्छ निकालाची अपेक्षा नको.

औंधचा_शंकासुर

केळी विसरलात. कागदी पिशवीत कच्ची केळी, एकीत सोबत एक पिकलेलं, दुसरीत नाही. पहिली लवकर पिकतात, कारण पिकलेल्या केळ्यातून इथिलीन सुटतं आणि इथिलीन हे वायुरूप संप्रेरक आहे. आंब्याच्या अढीतही तेच, पेंढ्यात तो वायू कोंडून राहतो. कार्बाइडने पिकवायला आपल्याकडे बंदी आहे हेही सांगा. त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतं, ते इथिलीनची नक्कल करतं, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ असते.

शनिवारचा_मास्तर

गहू आज रात्रीच भिजत घालतो, केळ्यांच्या पिशव्या पोरांकडेच देतो. लाजाळू पुण्यात कुठे मिळेल? आणि मांजरीकर, विचारायला संकोच वाटतोय, पण मुलांना एकदा धार बघायला आणलं तर चालेल का?

झाडपाला

सिंहगड रस्त्याच्या कुठल्याही रोपवाटिकेत विचारा, नाहीतर एम्प्रेस गार्डनच्या. पावसाळ्यात मिळायची शक्यता जास्त. वर्गात नेल्यावर ती आधी तासभर शांत राहू द्या, आणि सगळ्यांनी लागोपाठ हात लावू नका, पुन्हा पुन्हा छेडलं की ती दाद द्यायची थांबते.

मांजरीकर

संकोच कसला मास्तर, घेऊन या. संध्याकाळी पाचच्या आसपास धार काढतो. फक्त चार-चार जणच आत, लांबून आणि गुपचूप. आमची कपिला नव्या माणसाला बुजते. सगळे एकदम घुसले तर पोरांना अ‍ॅड्रेनालिन बघायला मिळेल, ऑक्सिटोसिन नाही, आणि त्या दिवशीचं आमचं दूध जाईल ते वेगळंच.